अंगण, पातेरा आणि गोचीड : क्यासनूर जंगल तापाच्या इतिहासात नैसर्गिक प्रतिबंधक उपायांचे स्थान

प्रस्तावना

भारतातील रोगांच्या इतिहासलेखनात प्लेग, पटकी, देवी आणि हिवताप यांना जे स्थान मिळाले, ते गोचिडींमुळे पसरणाऱ्या रोगांना मिळालेले नाही. प्लेगने मुंबई-पुण्यासारखी शहरे ओस पाडली आणि १८९७ मध्ये पुण्याचे राजकारण ढवळून काढले. पटकीने यात्रा, बाजार आणि पाणीपुरवठा यांबाबतचे शासकीय धोरण घडविले. गोचिडींमुळे होणारा रोग मात्र जंगलाच्या कडेला, तुरळक वस्तीत आणि मुख्यतः श्रमिकांच्या वाट्याला आला. त्यामुळे तो शासकीय अहवालांत व वैद्यकीय नियतकालिकांत नोंदला गेला, परंतु सामाजिक इतिहासाचा विषय क्वचितच बनला.

गोचिडींना घर, गोठा व अंगण यांपासून दूर ठेवण्यासाठी कडुनिंब, करंज, निर्गुडी, तंबाखू इत्यादी वनस्पतींचा वापर करण्याची परंपरा ग्रामीण महाराष्ट्रात जुनी आहे. रासायनिक कीटकनाशकांच्या दुष्परिणामांची जाणीव वाढल्यानंतर या नैसर्गिक उपायांकडे नव्या आस्थेने पाहिले जाऊ लागले. ही आस्था योग्यच आहे. तथापि, एखादा उपाय नैसर्गिक आहे म्हणजे तो परिणामकारक आहे किंवा निर्धोक आहे, असे समीकरण इतिहासाच्या कसोटीवर टिकते काय, हा प्रश्न तपासून पाहणे आवश्यक ठरते. प्रस्तुत निबंधात क्यासनूर जंगल ताप, म्हणजेच कर्नाटक, गोवा व सिंधुदुर्ग या भागांत 'माकडताप' या नावाने ओळखला जाणारा रोग, केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे. अंगणातील गोचिडीचा प्रश्न हा केवळ योग्य द्रव्य निवडण्याचा प्रश्न नसून अंगण आणि जंगल यांना जोडणाऱ्या श्रमाचा प्रश्न आहे, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. गोठ्यातील पारंपरिक ज्ञान

शेतकऱ्याचा गोचिडीशी पहिला संबंध जनावरांमुळे येतो. गाय, बैल, म्हैस यांच्या कानामागे, कासेजवळ व शेपटीच्या बुडाशी चिकटलेल्या गोचिडी हाताने काढणे, करंजाचे किंवा कडुनिंबाचे तेल चोळणे, तंबाखूचा काढा लावणे, सीताफळाच्या बियांची पूड वापरणे, गोठ्यात कडुनिंबाच्या वा निर्गुडीच्या पाल्याची धुरी देणे हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. गोठ्याची जमीन शेणाने सारवणे, भिंतींच्या भेगा लिंपणे आणि गोठ्यात कोंबड्या मोकळ्या सोडणे यांमागेही हाच हेतू होता. गोचिडीची मादी भेगांत व कोपऱ्यांत अंडी घालते, म्हणून त्या बुजवाव्यात. खाली पडलेल्या गोचिडी कोंबड्या टिपतात, म्हणून त्यांना वावर द्यावा, असे निरीक्षणावर आधारलेले तर्क या व्यवहारात अनुस्यूत होते.

या ज्ञानाचे मोल मान्य करताना त्याची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. गोठ्यात सर्वाधिक आढळणारी गोचीड आपल्या आयुष्यातील रक्तशोषणाच्या सर्व अवस्था एकाच जनावरावर काढते. जनावर स्वच्छ ठेवले की तिचा बराच बंदोबस्त होतो. क्यासनूर तापाचा प्रसार करणारी 'हीमाफायसॅलिस स्पायनिजेरा' ही गोचीड मात्र तीन यजमानांची आहे. अंड्यातून बाहेर आलेली सहा पायांची डिंभावस्था, त्यानंतरची आठ पायांची निंफावस्था आणि शेवटी प्रौढ गोचीड, अशा प्रत्येक टप्प्यावर ती नवा प्राणी शोधते, रक्त पिऊन पुन्हा जमिनीवर पडते आणि पालापाचोळ्यात पुढच्या अवस्थेची वाट पाहते. डिंभ व निंफ लहान सस्तन प्राणी, पक्षी आणि माकडे यांच्यावर जगतात. प्रौढ गोचीड प्रामुख्याने गुरे व मोठे वन्यप्राणी यांच्यावर. माणसाला चावते ती बहुधा निंफ, तिळाएवढी आणि सहज नजरेत न भरणारी. तात्पर्य, गोठ्यातील ज्ञान ज्या गोचिडीला उद्देशून विकसित झाले ती वेगळी होती आणि माणसाचा जीव घेणारी वेगळी.

२. १९५७ : क्यासनूरचे जंगल

तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात, क्यासनूर जंगलाच्या परिसरात १९५७ मध्ये माकडे मोठ्या संख्येने मरू लागली. त्याच सुमारास आसपासच्या गावांत तीव्र ताप, असह्य डोकेदुखी, स्नायूंच्या वेदना व रक्तस्राव या लक्षणांचा आजार पसरला. माकडांचे मृत्यू आणि माणसांचा ताप यांची सांगड पाहून आशियात पीतज्वर शिरला की काय, अशी शंका प्रारंभी घेतली गेली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने (१९७८ पासूनची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) या रोगाचा छडा लावला. टेलफर्ड वर्क व हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांनी याच वर्षी या नव्या विषाणुजन्य रोगाची माहिती प्रसिद्ध केली. विषाणूचे नाते पीतज्वराच्या विषाणूपेक्षा रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूशी अधिक जवळचे निघाले आणि त्याची वाहक गोचीड असल्याचे सिद्ध झाले. पश्चिम घाटातील एका तालुक्याच्या जंगलाचे नाव अशा रीतीने जागतिक वैद्यकात नोंदले गेले आणि त्यात पुण्यातील संस्थेचा वाटा निर्णायक होता.

या रोगाच्या परिस्थितिकीचे विवेचन होर्हे बोशेल यांनी १९६९ मध्ये केले. त्यांच्या मांडणीनुसार रोगाचा उद्रेक हा अस्पर्श जंगलाचा परिणाम नव्हता; वस्ती व शेती यांच्यासाठी जंगलाचे तुकडे पडणे आणि त्यांत गुरे चरू लागणे या बदलांशी तो निगडित होता. गुरांच्या शरीरात हा विषाणू फारसा वाढत नाही, परंतु प्रौढ गोचिडींना गुरांच्या रूपाने विपुल अन्न मिळते व त्यांची संख्या वाढते. सकाळी जंगलात चरायला गेलेली जनावरे संध्याकाळी अंगणात परततात. अंगण व जंगल यांच्यामध्ये भक्कम सीमा आहे, ही कल्पना या वस्तुस्थितीने फोल ठरविली.

दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळ्तंगडी तालुक्यात १९८२ च्या अखेरीपासून १९८४ पर्यंत झालेल्या मोठ्या उद्रेकाने हा संबंध अधिक ठळक केला. काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडल्यानंतर तेथे साथ पसरली. मानववंशशास्त्रज्ञ मार्क निक्टर यांनी १९८७ मध्ये या साथीचा अभ्यास करताना तिला विकासातून उद्भवलेला रोग असे संबोधिले. स्थानिक लोकांनी या आपत्तीचा अर्थ जंगल तोडल्यामुळे झालेल्या दैवतांच्या कोपाशी जोडला होता. ही समजूत वैद्यकाच्या भाषेत बसणारी नसली, तरी तोड आणि ताप यांतील कार्यकारणभाव लोकांनी आपल्या परीने ओळखला होता, असे म्हणता येईल.

३. पातेरा : जंगलातून अंगणात येणारी वाट

गुरांखेरीज जंगल व अंगण यांना जोडणारा दुसरा दुवा म्हणजे पातेरा, अर्थात झाडांखाली पडलेला सुका पाला. कोकणात व मलनाडात पातेरा हा कचरा नसून शेतीचे भांडवल आहे. तो गोठ्यात जनावरांखाली अंथरला जातो, शेण-मुतात भिजून त्याचे खत होते, भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी तो वापरला जातो आणि सुपारीच्या बागांत आच्छादन म्हणून पसरला जातो. मलनाड व उत्तर कन्नड भागांत सुपारी बागायतदारांना पाला गोळा करण्यासाठी 'बेट्ट' या नावाने राखून ठेवलेल्या जमिनींवरील हक्क ब्रिटिश वनप्रशासनालाही मान्य करावे लागले होते. पातेऱ्याशिवाय बाग नाही व बागेशिवाय निर्वाह नाही, असे हे गणित होते.

याच पातेऱ्यात गोचिडीचे जीवनचक्र पूर्ण होते. आर्द्रता टिकवून धरणारा पाला हेच तिचे आश्रयस्थान. पानगळीचा व पातेरा गोळा करण्याचा हंगाम आणि निंफ सर्वाधिक सक्रिय असण्याचा काळ हे दोन्ही कोरड्या महिन्यांत, साधारणतः नोव्हेंबर ते मे या कालखंडात येतात. डोक्यावर पातेऱ्याचा भारा घेऊन येणारी स्त्री गोचिडीही आपल्यासोबत आणते. घराजवळ रचलेल्या पाल्याच्या ढिगावर मुले खेळतात, माणसे टेकतात, कोणी काथ्या वळत बसते. माकडे मेलेल्या जंगलातील पाला गोठ्यात आणू नये, असा सल्ला आरोग्य यंत्रणा देते तो यामुळेच. तो सल्ला बरोबर आहे. परंतु त्या पाल्याला पर्याय काय, हे तो सांगत नाही.

४. तेल, भुकटी आणि 'नैसर्गिक' या शब्दाचा प्रवास

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कीटक-नियंत्रणाची सूत्रे संश्लेषित रसायनांकडे गेली. गोचीड व डास यांना दूर ठेवणारे 'डीट' हे द्रव्य अमेरिकी सैन्यासाठी १९४६ मध्ये विकसित झाले आणि १९५७ मध्ये, म्हणजे क्यासनूर ताप उघडकीस आला त्याच वर्षी, सामान्य नागरिकांसाठी उपलब्ध झाले. कर्नाटकातील बाधित गावांत अंगाला लावण्यासाठी दीर्घकाळ 'डीएमपी' तेल वाटले गेले; अलीकडच्या काळात भारतीय संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेले 'डीईपीए' तेल दिले जाऊ लागले. माकड मरून पडलेल्या जागेभोवती मॅलेथिऑनची भुकटी धुरळण्याची पद्धतही रूढ झाली. तेलाचा प्रभाव काही तासांचाच असतो, घामाने तो आणखी घटतो आणि दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसाला ते पुन्हा पुन्हा लावणे जड जाते.

रसायनांविषयीचा साशंकपणा मात्र हळूहळू वाढत गेला. रेचेल कार्सन यांच्या १९६२ मधील ग्रंथाने कीटकनाशकांच्या अनिर्बंध वापरावर जगाचे लक्ष वेधले. भारतात बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. याच काळात कडुनिंब जागतिक वादाचा विषय बनला. त्याच्या बियांतील 'अ‍ॅझाडिरॅक्टिन' हे द्रव्य १९६८ मध्ये वेगळे करण्यात आले होते. कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक वापरावर युरोपात दिलेले पेटंट २००० मध्ये रद्द झाले आणि त्याविरुद्धचे अपील २००५ मध्ये फेटाळले गेले. पारंपरिक ज्ञानाच्या दृष्टीने हा महत्त्वाचा विजय होता. मात्र ज्ञान कोणाचे, हा एक प्रश्न आहे. ते ज्ञान एका विशिष्ट जातीच्या गोचिडीपासून माणसाचे किती वेळ रक्षण करते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर न्यायनिवाड्यात मिळते, दुसऱ्याचे केवळ प्रयोगात.

'नैसर्गिक' आणि 'कृत्रिम' यांतील सीमारेषाही वाटते तितकी स्पष्ट नाही. शेवंतीच्या कुळातील फुलांपासून मिळणाऱ्या पायरेथ्रमच्या रचनेवरूनच पर्मेथ्रिनसारखी संश्लेषित कीटकनाशके तयार झाली. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून मिळणारे 'पीएमडी' हे आज मान्यता पावलेले परिणामकारक प्रतिबंधक आहे. परंतु त्या झाडाचे कच्चे सुगंधी तेल आणि त्यापासून शुद्ध केलेला अर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कच्चे तेल लवकर उडून जाते, अर्काचा प्रभाव काही तास टिकतो. ग्रेपफ्रूट व अलास्कातील पिवळा देवदार यांत आढळणाऱ्या 'नूटकाटोन' या द्रव्यास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये मान्यता दिली, तीही दीर्घ चाचण्यांनंतर. उलटपक्षी, तंबाखूतील निकोटिन पूर्णतः नैसर्गिक असूनही अत्यंत विषारी आहे. द्रव्याचा उगम त्याच्या गुणावगुणांची हमी देत नाही.

५. तुलनेसाठी : अमेरिकेतील परसदारांचा अनुभव

अंगणापुरत्या उपायांची पद्धतशीर परीक्षा पश्चिम घाटात नव्हे, तर अमेरिकेत झाली. म्हणून त्या अनुभवाकडे वळणे उपयुक्त ठरते. गोचीड रोग पसरवू शकते हेही तेथेच प्रथम सिद्ध झाले होते. थिओबाल्ड स्मिथ व फ्रेडरिक किलबोर्न यांनी १८९३ मध्ये गुरांच्या 'टेक्सास तापा'चे वाहकत्व गोचिडीकडे असल्याचे दाखविले. १९०६ मध्ये सुरू झालेल्या निर्मूलन मोहिमेत गुरांना आर्सेनिकच्या पाण्यात बुडविण्याबरोबरच कुरणे काही काळ मोकळी ठेवून गोचिडींना उपाशी मारण्याची युक्तीही योजली गेली. औषधाइतकेच जमिनीच्या व्यवस्थापनाला महत्त्व देणारी ही मोहीम १९४३ पर्यंत बहुतांशी यशस्वी झाली. ती गोचीड एकाच यजमानावर जगणारी होती, हे त्या यशाचे एक मोठे कारण होय.

कनेक्टिकट राज्यातील लाइम या गावाच्या परिसरात १९७५ मध्ये मुलांच्या सांधेदुखीची प्रकरणे उजेडात आली. अ‍ॅलन स्टीअर व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये या रोगाचे वर्णन केले आणि त्यास कारणीभूत असलेल्या जिवाणूचा शोध विली बर्गडॉर्फर व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. हा रोग पसरविणारी गोचीडही तीन यजमानांची व पाल्यात राहणारी आहे. न्यू जर्सीत १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाला काढून टाकल्याने निंफांची संख्या लक्षणीय घटल्याचे दिसले. कनेक्टिकटच्या कृषी प्रयोग केंद्राने २००४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत पाला हटविणे, गवत आखूड ठेवणे, झाडी व हिरवळ यांच्यामध्ये सुमारे ३ फूट रुंदीचा लाकडी ढलप्यांचा पट्टा घालणे अशा उपायांची शिफारस होती. सूर्यप्रकाश व कोरडेपणा हेच येथे प्रतिबंधक द्रव्य होते.

मात्र पुढील संशोधनाने या आशावादाला मर्यादा घातली. कनेक्टिकट, मेरीलँड व न्यूयॉर्क या राज्यांतील २,७२७ कुटुंबांचा समावेश असलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. परसदारात रासायनिक फवारणी केल्याने गोचिडींची संख्या ६३ टक्क्यांनी घटली, पण त्या घरांतील माणसांना गोचीड चावण्याचे वा रोग होण्याचे प्रमाण घटले नाही. न्यूयॉर्क राज्यातील डचेस काउंटीत २४ वस्त्यांमध्ये झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये समोर आले. त्यात मातीत आढळणाऱ्या 'मेटारायझियम' या बुरशीची, म्हणजे पूर्णतः नैसर्गिक घटकाची, फवारणी आणि उंदरांवरील गोचिडी मारणाऱ्या पेट्या असे दोन उपाय तपासले गेले. पेट्या ठेवलेल्या वस्त्यांत गोचिडी कमी आढळल्या. परंतु दोहोंपैकी कोणत्याही उपायाने माणसांतील रोगाचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी झाले नाही. माणूस आपल्या परसदाराच्या कुंपणात राहत नाही, तो त्याच्या बाहेर वावरतो, हे याचे एक संभाव्य स्पष्टीकरण होय.

६. दोडामार्ग व सत्तरी : सल्ला आणि निर्वाह

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाचे उद्रेक झाले. दोन्ही तालुके परस्परांना लागून आहेत आणि दोन्हीकडे काजू हे महत्त्वाचे पीक आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेल्या या झाडाखालचा पाला व झुडुपे हंगामापूर्वी साफ केली जातात आणि पुढे मे महिन्यापर्यंत गळलेली बोंडे व बिया जमिनीवरून वेचल्या जातात. निंफांचा हंगाम हाच. वाकून, उकिडवे बसून, पाल्यात हात घालून करावयाचे हे काम रोगाच्या दृष्टीने सर्वाधिक धोक्याचे ठरते.

कनेक्टिकटमधील घरमालकाला पाला हटविण्याचा सल्ला देणे सोपे आहे, कारण त्याच्या दृष्टीने पाला हा कचरा आहे. दोडामार्गच्या शेतकऱ्याला तोच सल्ला देताना त्याच्या गोठ्याचे, खताचे आणि भाताच्या रोपांचे काय, याचे उत्तर द्यावे लागते. अंगाला तेल लावण्याचा सल्ला, मग ते 'डीईपीए' असो वा करंजाचे, संरक्षणाची सारी जबाबदारी अखेर त्या व्यक्तीच्या अंगावर टाकतो. त्यातही पातेरा आणणे व काजू वेचणे यांत स्त्रियांचा वाटा मोठा असल्याने ही जबाबदारी मुख्यतः त्यांच्यावर येते. रोगावरील जुन्या लसीची परिणामकारकता अपुरी ठरून २०२२ पासून तिचा वापर थांबल्यामुळे या प्रश्नाचे गांभीर्य वाढले आहे. बाधितांपैकी साधारणतः ३ ते ५ टक्के रुग्ण दगावतात, हे लक्षात घेता नैसर्गिक उपायांविषयीची केवळ भावनिक भलामण परवडणारी नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, नैसर्गिक प्रतिबंधकांची भारतीय परंपरा समृद्ध असली तरी ती प्रामुख्याने गोठ्यातील गोचिडीच्या निरीक्षणातून घडलेली आहे. जंगलातील तीन यजमानांच्या गोचिडीला ती जशीच्या तशी लागू करता येत नाही. दुसरा, वनस्पतिजन्य द्रव्यांची उपयुक्तता त्यांच्या उगमावरून ठरत नाही. पीएमडी वा नूटकाटोन यांना मान्यता मिळाली ती चाचण्यांमुळे. करंज, निर्गुडी व कडुनिंब यांनाही तीच कसोटी, आणि तीही पश्चिम घाटातील गोचिडीवर, लावली गेली पाहिजे. तिसरा, अंगणातील गोचिडी कमी करणे आणि माणसांतील रोग कमी करणे ही एकच गोष्ट नाही.

चौथा निष्कर्ष धोरणाशी संबंधित आहे. पारंपरिक व्यवहारातील सर्वांत टिकाऊ भाग द्रव्यांचा नसून व्यवस्थेचा होता : सारवलेली जमीन, लिंपलेल्या भेगा, मोकळ्या कोंबड्या. त्याच धर्तीवर पातेऱ्याचा ढीग घरापासून व मुलांच्या वावरापासून दूर रचणे, माकडांच्या मृत्यूची वार्ता तातडीने गावागावांत पोहोचविणे, बाधित क्षेत्रातील कुटुंबांना त्या हंगामापुरते गोठ्यासाठी भाताचा पेंढा किंवा अन्य पर्याय उपलब्ध करून देणे आणि काजू वेचणाऱ्यांच्या संरक्षक साधनांचा खर्च सार्वजनिक व्यवस्थेने उचलणे, हे उपाय तेलाच्या बाटलीला पूरक ठरू शकतात. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाचे अंगण त्याच्या उंबरठ्यापाशी सुरू होते, परंतु कुंपणापाशी संपत नाही. जेथवर त्याचे श्रम पोहोचतात तेथवर ते पसरलेले असते. गोचीड-प्रतिबंधाचा विचार त्या संपूर्ण अंगणाचा असावा, हेच या इतिहासाचे सार होय.